परत घेतलेली माफी

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या शाळेच्या फाटकावर सरांचा फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजलीचा. मी स्कूटी तिथंच थांबवली. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला, मी वाजवू दिला.

सर गेल्याचं मला आधीच कळलं होतं. रडूनही झालं होतं. मी थांबले ते फोटो बघून. फोटोत सरांचे केस काळे होते. कुळकुळीत. डाव्या बाजूनं भांग, कानाजवळ चापून बसवलेले. ज्या माणसाचं डोकं आम्ही कायम पिंजलेल्या कापसासारखं पाहिलं, पांढरंशुभ्र आणि कुठल्याच कंगव्याला न जुमानणारं, त्याला मेल्यावर कुणीतरी कलप लावला होता. खाली ओळ होती : 'शिस्तप्रिय, मनमिळाऊ आणि सर्वांचे लाडके.'

मनमिळाऊ!

फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा नंबर असतो. मी तिथंच उभी राहून फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "ताई, फोटो शाळेतूनच आलता. पांढरे केस बरे दिसत नाहीत, जरा काळे करा, असा निरोप होता. आमचं काय, आम्ही सगळ्यांचेच करतो." मी वॉचमनला म्हणाले, काढा हा. तो म्हणाला, ऑफिसला विचारा. ऑफिसला कुलूप होतं. तो फ्लेक्स बरेच दिवस तसाच लटकला आणि मग त्याच्यावर कुठल्याशा दादाच्या वाढदिवसाचा दुसरा लागला.

म्हणून हे लिहायला बसले. सर मनमिळाऊ नव्हते. हे कुठंतरी नीट लिहून ठेवलं पाहिजे.

सर आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि कायम रागात असायचे. वर्गात आल्या आल्या फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचे, 'आजचा राग', आणि त्यापुढं त्या दिवशीचा राग. 'जालना रोडवर उलट्या बाजूनं येणारे.' 'नळाला पाणी नाही, टँकरला मात्र आहे.' 'मंडईत वांगी बोटानं दाबून बघणारे.' त्या रागावर थोडा वेळ बोलायचे, मग डस्टरनं पुसायचे, "संपला," म्हणायचे आणि पुस्तक उघडायचे. तो संपलेला नसायचाच. गुरुत्वाकर्षण शिकवताना मधेच वांगी यायची.

पोरं त्यांना मागून 'ॲसिड' म्हणायची. एकदा त्यांनी ऐकलं. सगळा वर्ग गार पडला. सर म्हणाले, "ॲसिड पाण्यात ओतायचं का पाणी ॲसिडमध्ये?" कुणालाच येईना. मग मात्र भडकले. "ज्याची माहिती नाही त्याचं नाव कशाला ठेवता रे जाहिलांनो? आधी शिका, मग ठेवा." आम्ही शिकलो, आणि नाव तेच राहिलं. त्यावर ते पुन्हा कधी काही बोलले नाहीत.

त्यांचं लहानपण जुन्या शहरात, शहागंजात गेलं होतं. वडील निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, त्यामुळं सरांना राग आला की मराठी मागं राहायची आणि बेवकूफ, बदतमीज, जाहील असे शब्द पुढं यायचे. पण सगळ्यात जास्त राग त्यांना कशाचा यायचा, तर परवानगी मागण्याचा. "सर, आत येऊ का?" "दारात उभा आहेस, पुस्तक हातात आहे, तास सुरू झालाय. मग काय बाहेर बसून शिकणार आहेस?" "सर, पाणी प्यायला जाऊ का?" "तहान मला लागली का तुला?" "सर, काळ्या पेनानं लिहू का निळ्या?" यावर खडू यायचा. नेम चांगला होता, पण कायम बाकाला लागायचा, पोराला नाही.

सहल वेरूळला गेली होती तेव्हा एक मोठा माणूस, चांगला शर्ट-पँट घातलेला, किल्लीनं खांबावर स्वतःचं नाव कोरत होता. गाइड बघून न बघितल्यासारखं करत होता. सर त्या माणसाजवळ गेले आणि अतिशय अदबीनं त्याला पूर्ण नाव विचारलं. गावही विचारलं. त्यानं खुशीत सांगितलं. मग सर त्याच्या मागं मागं सगळी लेणी फिरले. प्रत्येक ठिकाणी जे कुणी पर्यटक असतील त्यांना मोठ्यानं त्याचं नाव-गाव सांगायचे आणि म्हणायचे, "हे लेणं यांनी कोरलंय बरं का. आत्ताच. विचारा यांना काय विचारायचं ते." तो माणूस आधी हसला, मग चिडला, मग बायकापोरं घेऊन गाडीकडं पळाला. सर गाडीपर्यंत गेले. आम्ही हसून हसून खाली बसलो होतो. सर हसत नव्हते.

त्यांच्या पांढऱ्या केसांची गोष्ट आम्हाला त्यांनीच सांगितली होती. केस विशीतच पांढरे झाले. लग्नाचं बघायला लागले तेव्हा त्यांच्या आईनं मुलीकडचे यायच्या आदल्या दिवशी त्यांना पाटावर बसवलं आणि न विचारता डोक्याला काळा कलप फासला. सकाळी डोळे उघडेनात. तोंड सुजून भोपळा, कान वड्यासारखे. मुलीकडची माणसं दारात आलेली. सर तसेच बैठकीत जाऊन बसले, डोळे मिटलेले. मुलीच्या बापानं मध्यस्थाला हळूच विचारलं, मुलगा आंधळा आहे हे आधी का सांगितलं नाही? "आणि सगळे 'अरेरे' करत होते," सर सांगायचे, "फक्त आतल्या दारातून त्यांच्याबरोबर आलेली एक मुलगी खदखदून हसली. तिच्याशीच लग्न केलं." त्यानंतर त्यांनी केसांना काहीही लावलं नाही. तेलसुद्धा नाही. आणि वर्गाला बजावून ठेवलं होतं, "केस रंगवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. लक्षात ठेवा."

हे मी मुद्दाम सांगतेय. कारण नंतर लोक म्हणाले, सरांचीच फूस होती पोरीला.

फूस कुणाचीच नव्हती. नववीत, दिवाळीच्या सुट्टीत, मी केस निळे केले. कानापासून खाली, मोरपंखी निळे. मला पाहिजे होते. याच्यापेक्षा मोठं कारण नव्हतं आणि नसावंही. आईला विचारलं होतं. आई घरी ब्लाऊज शिवायची. मशीन थांबवून तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मला हे असं काई मागायचं सुचलंच नाय बघ कधी." मग पायडल पुन्हा सुरू केलं आणि म्हणाली, "केसच हायेत. वाढतील. पण शाळा सुरू व्हायच्या आत काळे करायचे." मामेबहीण पार्लरचा कोर्स करत होती, तिनं घरी येऊन ब्लीच केलं, रंग लावला. आईनं आरसा धरला. मी आरशात बघितलं आणि मला वाटलं, ही मुलगी माझ्या ओळखीची आहे.

पप्पा वाळूजला कंपनीत होते. संध्याकाळी ड्यूटीवरून आले, माझ्याकडं बघितलं आणि आईला म्हणाले, "तू हो म्हणलीस?" त्यानंतर सगळी सुट्टी ते आईशी कामापुरतंच बोलले. माझ्याशी तेवढंही नाही.

सुट्टी संपत आली तेव्हा मामेबहीण म्हणाली, एवढ्यात पुन्हा रंग लावायचा नाही, ब्लीचनं केस भाजल्यासारखे झालेत, थोडे दिवस जाऊ दे. म्हणून मी दोन घट्ट वेण्या घातल्या, वर दुमडून रिबिनी बांधल्या आणि शाळेत गेले. निळं लपत नव्हतं. आईनं वर्गशिक्षिकेला द्यायला चिठ्ठी दिली होती, की लवकरच काळे करतो. ती माझ्या खिशातच राहिली.

परिपाठ सुरू होता. राष्ट्रगीत झालं, प्रतिज्ञा झाली. पर्यवेक्षिका मॅडम रांगेतून फिरत माझ्यापाशी आल्या आणि मला दंडाला धरून पुढं घेऊन गेल्या, माईकपाशी. म्हणाल्या, "बघा. ही शाळा आहे का फॅशन शो?" मग हस्तकलेच्या कपाटातली कात्री मागवली. मला वाटलं, घाबरवतायत. कागद कापायची कात्री होती, धार नव्हती तिला. एक वेणी कापायला बराच वेळ लागला. ब्लीच केलेले केस कापताना वाळल्या गवतासारखा आवाज येतो. माईक चालू होता. तो आवाज सगळ्या शाळेनं ऐकला.

मी रडले नाही. लोकांना वाटतं, मी रडले असेन. माझी मान एकदम उघडी पडली होती आणि तिला गार लागत होतं, एवढंच मला कळत होतं. पाचवीतलं कुणीतरी हसलं आणि मग शिक्षकांच्या रांगेतही कुणीतरी.

याच वर्षी संस्थेच्या अध्यक्षांचा नातू दहावीत होता. त्याच्या कपाळावर सोनेरी झुपका होता. तो माझ्यापासून चार-पाच रांगा मागं उभा होता. कात्री तिथपर्यंत गेली नाही.

सर त्या वेळी फाटकाबाहेर होते. टँकरवाला नळी चालू ठेवून चहाला गेला होता आणि पाणी रस्त्यावर वाहत होतं, म्हणून त्याच्याशी भांडत होते. भांडण संपवून ते मैदानात आले तेव्हा दोन्ही वेण्या मातीत पडलेल्या होत्या. त्यांनी त्या उचलल्या. रिबिनी अजून बांधलेल्याच होत्या. चालत मॅडमपाशी गेले आणि वेण्या पुढं केल्या.

"हे तुमचं आहे का?"

"सर, परिपाठ चालू आहे."

"हे तुमचं आहे का?"

"माझं कसं असेल? काहीतरीच काय!"

"मग तुम्ही कापलं कशाला?"

माईक चालूच होता. मुख्याध्यापकांनी शिपायाला खूण केली आणि माईक बंद झाला.

सर मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. मला वाटलं, आता हे काहीतरी मायेनं बोलतील. सर माझ्यावर ओरडले. "कुणी केलं ब्लीच? किती वेळ ठेवलं? आग झाली होती? झाली होती आणि तरी धुतलं नाही? अक्कल कुठं गहाण टाकली होती?" विजेरी घेऊन त्यांनी माझी कानामागची, मानेवरची कातडी बघितली, कुठं भाजलंय का, फोड आलाय का. काही नाही म्हटल्यावर विजेरी ठेवली आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. "केस म्हणजे मेलेली पेशी असते," म्हणाले. "माणसाच्या मेलेल्या भागावरसुद्धा यांना हुकूमत पाहिजे."

घरी आईनं मला बघितलं आणि तिच्या हातातलं कापड खाली पडलं. ती माझ्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. पप्पा आले. त्यांनी बघितलं, पायातले बूट काढले, नीट बाजूला ठेवले आणि म्हणाले, "बरं झालं."

हे दोन शब्द. मॅडमच्या कात्रीचा राग मला आहेच. पण या दोन शब्दांचा जास्त आला होता.

दुसऱ्या दिवशी आईपप्पांना शाळेत बोलावलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत मुख्याध्यापक, अध्यक्ष आणि मॅडम बसले होते. आम्हाला बसा म्हणालं नाही कुणी. सरांना बोलावलेलंच नव्हतं. ते आले, अर्थात परवानगी न मागता. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या माझ्या वेण्या त्यांनी टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यात आधी माझ्या आईवर घसरले.

"तुम्ही हो म्हणालात?"

"व्हय सर."

"पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ब्लीच? आधी कानामागं थोडं लावून बघितलं होतं?"

"नाय सर."

"डोळे गेले असते म्हणजे? मूर्खपणा केलात तुम्ही. मी बाप असतो तर हो म्हणालो नसतो."

मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं. अध्यक्ष म्हणाले, "बघा, सरांचंही तेच म्हणणं आहे."

"माझं म्हणणं अजून संपलं नाही," सर म्हणाले. "मी बाप असतो तर हो म्हणालो नसतो. पण बाप असतो तरी मला कात्री घेता आली नसती. मूर्खपणा हा गुन्हा नाही. हा गुन्हा आहे." आणि टेबलावरच्या पुडीवर बोट ठेवलं. "कुठल्या नियमात बसलं हे?"

"गणवेशाच्या," मुख्याध्यापक म्हणाले. "केस नैसर्गिक रंगाचे असावेत, असं स्पष्ट आहे."

सरांनी खोलीत सगळीकडं बघितलं. सावकाश. मुख्याध्यापकांचे केस बुटाच्या पॉलिशसारखे काळे होते. अध्यक्षांच्या डोक्याला मेंदी होती, उन्हात केशरी दिसायची. मॅडमचे केस लालसर वांगी रंगाचे. आणि माझ्या पप्पांची मिशी. पप्पा दर रविवारी अंगणात आरसा लावून जुन्या टूथब्रशनं मिशी काळी करायचे.

"मुलीची आई सोडली तर या खोलीत नैसर्गिक रंगाचे केस असलेला मी एकटा आहे," सर म्हणाले. "आणा कात्री. कुणापासून सुरू करू?"

अध्यक्षांचा हात आपोआप डोक्याकडं गेला. आईनं पदर तोंडाला लावला, ती हसत होती का रडत होती, मला कळलं नाही. मुख्याध्यापक उठून उभे राहिले आणि म्हणाले, सर, मर्यादा सोडू नका. सरांनी त्यांच्याकडं लक्षच दिलं नाही. ते माझ्याकडं वळले.

"तुला काय पाहिजे?"

त्या सगळ्या प्रकारात मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला उत्तर तयार होतं, रात्रभर तेच डोक्यात होतं. "मॅडमनी माईकवर सॉरी म्हणावं. सगळ्यांसमोर कापले ना. मग सगळ्यांसमोरच."

अध्यक्ष मोठ्यानं हसले. "बेटा, मोठ्यांनी लहानांची माफी मागायची पद्धत नसती आपल्यात." मग पप्पांकडं बघून म्हणाले, "तुम्ही समजदार माणूस दिसता. मुलीचे उरलेले केस काळे करून आणा, विषय संपवू. काढून टाकत नाही शाळेतून, एवढं करतो तुमच्यासाठी."

आणि माझ्या पप्पांनी हात जोडले. मॅडमपुढं वाकून म्हणाले, "थँक्यू मॅडम. मी घरी हेच करणार होतो. तुम्ही केलं ते बरंच झालं."

सर पप्पांच्या अगदी जवळ गेले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तुमच्या मुलीच्या अंगावर कुणीतरी हात टाकला," ते म्हणाले, "आणि तुम्ही आभार मानताय?"

पप्पांचे हात जोडलेले होते ते तसेच राहिले, कारण ते कधी सोडायचे हे त्यांना कळेना.

त्यानंतर जे झालं त्याच्यासाठी मी सरांवरसुद्धा चिडले होते. दोन-तीन दिवसांनी परिपाठाला सर स्वतः माईकपाशी गेले. म्हणाले, "या मैदानावर एका मुलीचे केस तिच्या मनाविरुद्ध कापले गेले. मी या शाळेतला मास्तर आहे. मी तिची माफी मागतो." एवढंच. मग टाळ्या. मी वळून बघितलं तर मॅडमही टाळ्या वाजवत होत्या. चांगल्या जोरात. मुख्याध्यापक माईकवर आले आणि म्हणाले, सरांनी मोठ्या मनानं या विषयावर पडदा टाकला आहे.

मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले. आत येऊ का विचारलं नाही.

"तुम्ही कशाला मागितली?"

सर परीक्षानळ्या धूत होते. "मग कुणी मागायची? ती बाई मागणार नाही."

"नसती मागितली तर ती मॅडमकडं राहिली असती! सगळ्यांना माहीत असतं, की अजून राहिलीय. आता संपलं. आता त्या सुटल्या. टाळ्या वाजवत होत्या त्या, बघितलं का तुम्ही? तुम्ही काय केलं होतं? तुम्ही काहीच केलं नव्हतं. माझी माफी होती ती, आणि तुम्ही ती वाया घालवली!"

मी एका शिक्षकावर ओरडत होते. दारात दहावीची पोरं जमली होती. मला वाटलं, आता खडू येतो. सरांनी परीक्षानळी स्टँडला उलटी लावली. हात पुसले. माझ्याकडं बघितलं, रागानंच, पण तो राग माझ्यावरचा नव्हता.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "चुकलं माझं. जा आता, घंटा झाली."

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञा झाल्याबरोबर सर पुन्हा माईकपाशी गेले. कुणाला काही कळायच्या आत बोलायला लागले. "काल मी इथं एक माफी मागितली. ती परत घेतोय. ती माझी नव्हती. दुसऱ्याची वस्तू मी उचलून दिली. जिची आहे तिनं द्यावी. तोपर्यंत ती शिल्लक आहे, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा." शिपायानं माईक बंद केला. सर तसेच ओरडत राहिले, "शिल्लक आहे!" मागच्या रांगेतल्या कुणाला ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा, "शिल्लक आहे!" या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मॅडमचा चेहरा उतरला होता. मला कात्रीनंतर पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

शाळेनं ते सोडलं नाही. आठवडाभरात सरांचे विज्ञानाचे सगळे तास काढून घेतले आणि त्यांना पाचवीला कार्यानुभव दिला. आयुष्यभर प्रयोगशाळा सांभाळलेला माणूस कागदाची फुलं करायला बसवला. आम्हाला एक नवीन बाई आल्या, त्या प्रश्नोत्तरं लिहून द्यायच्या. व्हरांड्यातून जाताना पाचवीचा फळा दिसायचा. कोपऱ्यात लिहिलेलं असायचं, 'आजचा राग : क्रेप कागद.' खाली सर, नाकावर चष्मा, चिमुरड्या पोरांमध्ये तारेला कागद गुंडाळत बसलेले. त्यांना ते अजिबात जमत नव्हतं.

मी घरी काही सांगितलं नाही. पप्पांशी तर बोलतच नव्हते. पण शाळेतल्या गोष्टी ब्लाऊज शिवायला येणाऱ्या बायकांकडून आईपर्यंत पोचायच्या. एका रविवारी जेवताना तिनं पप्पांच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "त्या सरांचे तास काढून घेतलेत. कागदाची फुलं करायलेत आता."

"कामून?"

"आपल्या पोरीपायी. परका माणूस." आईनं भाकरीची दुरडी खाली ठेवली. "अन् बाप थँक्यू म्हणून आला."

पप्पांनी ताटातलं संपवलं, ताट स्वतः उचलून मोरीत नेऊन ठेवलं. त्या रविवारी त्यांनी अंगणात आरसा लावला नाही.

सोमवारी त्यांची दुसरी पाळी होती. सकाळी मी दप्तर घेऊन निघाले तर पप्पा कंपनीचा निळा शर्ट घालून मोटारसायकलपाशी उभे. "बस," म्हणाले. शाळेत आल्यावर मला वाटलं, फाटकाशी सोडतील. ते गाडी लावून माझ्याबरोबर आत आले. पर्यवेक्षिका मॅडमच्या खोलीशी थांबले, चपला बाहेर काढायला वाकले, आणि मग काढल्या नाहीत. तसेच आत गेले. मी त्यांच्या मागं दारात.

मॅडम वर बघून म्हणाल्या, "या ना. बसा."

"बसायला नाय आलो, मॅडम." पप्पांचा आवाज कापत होता. साहेब लोकांपुढं तो नेहमीच कापायचा. "त्या दिवशी मी तुम्हाला थँक्यू म्हणलतो."

"अहो, त्यात काय."

"ते परत घ्यायला आलोय."

मॅडमना कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे मी चुकीचं बोललो. तुम्ही माझ्या लेकीला हात लावायला नको होता. मला विचारलं असतं तर मी नाय म्हणलो असतो." थोडं थांबून, स्वतःशीच खरं-खोटं करत असल्यासारखे ते म्हणाले, "आधी नसतो म्हणलो. आता म्हणतो. थँक्यू नाय तुम्हाला."

मॅडम म्हणाल्या, "हे बघा, तुम्ही मुख्याध्यापकांशी बोला." पप्पा म्हणाले, "त्यांच्याशी पण बोलतो," आणि वळले. त्यांना घाम आला होता.

व्हरांड्यात सर उभे होते. पाचवीची रांग घेऊन निघाले होते, हातात तारांची जुडी. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पोरांनीही. पप्पा त्यांच्यासमोर थांबले. मला वाटलं, आता सर हात पुढं करतील, पाठीवर थाप मारतील, काहीतरी चांगलं बोलतील. सरांनी पप्पांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि त्यांच्यावर खेकसले.

"इतका उशीर करतात का?"

"व्हय सर," पप्पा म्हणाले. "लई उशीर झाला."

आणि ते मुख्याध्यापकांच्या खोलीकडं चालायला लागले. सर पोरांना तिथंच उभं करून त्यांच्या मागं निघाले. मी सरांच्या मागं.